उजव्या हाताची पोच

पद्मिनबाई वाघमोडे यांचा उजवा हात सोमवारी दुपारी साडेतीन वाजता, म्हणजे अगदी कार्यालयीन वेळेत, कार्यमुक्त झाला. शिपाई तुळशीरामने चिंचणगाव उपकेंद्राच्या ओसरीवर उभं राहून आदेश वाचला. 'कार्यमुक्त करण्यात येत आहे' या शब्दांवर तो पोचला, तेव्हा हात मनगटापासून सुटून टेबलावर आला. रक्त नाही, दुखणं नाही. मागे राहिलेलं मनगट वरवंट्याच्या टोकासारखं गुळगुळीत होतं. बांगड्यांचं काय करायचं तेही आदेशात लिहिलेलं होतं. बांगड्या मूळ आस्थापनेवर, म्हणजे पद्मिनबाईंकडेच, राहणार होत्या.

तुळशीराम देवभोळा माणूस. त्याने हात उचलून आधी कपाळाला लावला, मग लशीच्या निळ्या डब्यात बर्फाच्या चार पिशव्यांच्या मधोमध ठेवला. झाकण लावलं, त्यावर लाखेचं सील मारलं आणि पोचवही पुढे केली.

"सही करा, बाई."

"कशानं करू?"

"डाव्यानं करा. पाठवताना डाव्याची चालती," तुळशीराम म्हणाला. "परत घेताना मात्र उजव्याचीच लागंल. नमुना सही उजव्या हाताची हाय ना तुमची."

पद्मिनबाईंनी डाव्या हाताने कशीबशी सही केली. तुळशीराम डबा मांडीवर घेऊन चार वाजताच्या एस.टी.त बसला आणि हात मेहुणखेडला गेला.

हे असं का झालं ते नीट सांगितलं पाहिजे, कारण नंतर ज्यांना ज्यांना हात होते त्या सगळ्यांनी ते वर केले. चार जिल्ह्यांचं आमचं आरोग्य परिमंडळ राज्याच्या क्रमवारीत आठांपैकी आठवं होतं. क्रमवारी गुणांवर ठरते. किती बाळंतपणं दवाखान्यात झाली, किती बाळांना लस मिळाली, किती आया वाचल्या, या सगळ्याला गुण असतात, आणि ते दर महिन्याच्या पाच तारखेला उपसंचालक डॉ. धारूरकरांच्या सभागृहाच्या भिंतीवर आपोआप उमटतात. भिंतीला रंग दिला तरी उमटतात. त्या महिन्याच्या आढावा बैठकीत साहेबांची नजर एका ओळीवर अडली. चिंचणगाव उपकेंद्र. एकोणीस वर्षांत एकही आई दगावलेली नाही.

"हे कसं काय?" साहेबांनी विचारलं. साहेब कधी आवाज चढवत नसत.

चिंचणगावचे डॉ. बिडवे नोकरीला नवे होते. ते उभे राहिले आणि उगाच शर्ट नीट करत म्हणाले, "सर, तिथल्या नर्सबाई आहेत, पद्मिनबाई. त्यांच्या हाताला गुण आहे, सर."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "किती?"

सभागृहात कोणीही हसलं नाही.

"किती म्हणजे, सर?"

"हाताला गुण आहे म्हणालात ना? किती गुण?"

बिडवेंनी भिंतीकडे पाहिलं, मग चपलांकडे पाहिलं. "शंभरपैकी… अठ्ठ्याण्णव असतील, सर."

"आणि बाईंना? हात सोडून उरलेल्या बाईंना?"

"दोन," बिडवे म्हणाले. शंभरातून अठ्ठ्याण्णव गेले की दोनच उरतात, दुसरं काय सांगणार बिचारा. बिचारा म्हणायलाही जीभ धजत नाही खरं तर. 'सर, ती बोलायची पद्धत आहे' एवढं एक वाक्य त्याला म्हणता आलं असतं. ते त्याने म्हटलं नाही आणि बैठकीच्या इतिवृत्तात हाताला अठ्ठ्याण्णव, बाईंना दोन अशी नोंद झाली. इतिवृत्तात आलेली गोष्ट आमच्याकडे खरी धरतात.

पुढचं सरळच होतं. मेहुणखेडच्या केंद्राला गुण कमी पडत होते आणि तिथलं पद सात वर्षं रिक्त होतं. बाईंची बदली करावी तर बाई रजा टाकतात, रडतात, आमदाराची चिठ्ठी आणतात. गुण हाताला आहे, तर हातच पाठवावा, असं साहेब म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

खरी गोष्ट अशी होती की पद्मिनबाई बाळंतपणात तोंडाने फारसं बोलतच नसत. अडल्या बाईला शब्द ऐकू येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. त्या बाळंतिणीच्या गुडघ्यावर उजव्या हाताच्या बोटांनी वाजवायच्या. एकदा टक केलं की थांब, श्वास घे. दोनदा टक टक केलं की लाव जोर. पंचक्रोशीतल्या बायकांना हे लग्नाआधीपासून माहीत असायचं. त्यांची स्वतःची लेक, उज्ज्वला, तर बाळंतखोलीच्या भिंतीला लागून असलेल्या क्वार्टरमध्येच वाढली. बाहुलीच्या गुडघ्यावर टक टक करत ती दुपार दुपार खेळायची, आणि बाहुली बाळंत झाली नाही की बाहुलीलाच रागवायची.

मेहुणखेडला हात रुजू झाल्याचा अहवाल तिसऱ्या दिवशी आला. अहवाल यायच्या आधीच पद्मिनबाईंना ते कळलं होतं. डाव्या हाताने भाकरी थापताना अचानक उजव्या मनगटाला ऊब लागायची, मग ओल लागायची. सुटली बाई कुणीतरी, असं त्या स्वतःशी म्हणायच्या. आणि खोटं कशाला बोलायचं, त्यांना बरं वाटायचं. हात कुठेही असला तरी कामाला आला, एवढं त्यांना पुरत होतं.

मेहुणखेडला अठ्ठ्याण्णव गुण मिळाले. परिमंडळ आठवरून पाचवर आलं. साहेबांचा राजधानीत शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि मग ही पद्धत सगळीकडे लागू झाली. आशाताईंचे पाय सर्वेक्षणाला गेले. जिल्ह्याच्या सर्जनचे अंगठे एका तालुक्याला आणि उरलेली बोटं दुसऱ्या तालुक्याला मिळाली. डॉ. बिडवेंचं फक्त तोंड चिंचणगावला राहिलं, ते फोनवर 'हो सर' म्हणायचं. तुळशीरामचे दोन्ही कान तक्रार निवारण कक्षाला देण्यात आले. तिथे ते टेबलावर समोरासमोर ठेवलेले असत आणि लोक येऊन त्यांच्यात बोलून जात. परिमंडळात एकही पद रिकामं राहिलं नाही. रिक्त पदांच्या रकान्यात सगळ्या तालुक्यांनी 'निरंक' लिहून पाठवलं.

मार्चमध्ये गावातली सोजर बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. अशा वेळी एक हात आतून लावावा लागतो आणि एक वरून दाबावा लागतो. पद्मिनबाईंनी आतून हात लावला. वरून दाबायला त्यांनी कोपर लावलं, गुडघा लावला, शेवटी कपाळ लावून पाहिलं. सोजर दिवे लागायच्या आत गेली. चार दिवस पद्मिनबाईंना घास गिळवला नाही. एकोणीस वर्षांत पहिलीच. त्यांनी डाव्या हाताने सगळं खरं खरं लिहून पाठवलं आणि चौकशीची वाट पाहत बसल्या. चौकशी हवीच होती त्यांना. कुणीतरी यावं, ओरडावं, हात का नेला ते निदान विचारावं.

कोणी आलं नाही, पत्र आलं. मातामृत्यूला दहा गुण वजा होतात. चिंचणगावचे एकूण गुण दोन. दोनातून दहा जात नाहीत. सबब सदर मृत्यू झालेला नाही. सोजरच्या नावाच्या लोहाच्या गोळ्या पुढेही दर महिन्याला येत राहिल्या, आणि तिचा नवरा त्या सही करून घेऊन जात राहिला. सही केली नाही तर गावातल्या दुसऱ्या कुणालाच गोळ्या मिळणार नव्हत्या.

मग जिपा यायला लागल्या. परिमंडळातली सगळी केंद्रं हुशार झाली होती. अवघड बाळंतपण आपल्याकडे ठेवलं तर गुण जातात, चिंचणगावला पाठवलं तर कोणाचेच जात नाहीत. झटके आलेल्या, अंगात रक्त नसलेल्या, आडवं मूल असलेल्या बायका शिक्का मारलेली चिठ्ठी घेऊन ओसरीवर उतरू लागल्या. 'चिंचणगाव येथे संदर्भित.' मेहुणखेडला हात तेवढा सोप्या बाळंतपणांसाठी राखून ठेवण्यात आला, म्हणजे अठ्ठ्याण्णव टिकतील. ज्याने आयुष्यभर अवघडच सोडवलं तो हात आता जी मुलं आपली आपण येतात ती झेलत बसला होता. दिवाळीपर्यंत चिंचणगावला न झालेले मृत्यू अकरा झाले.

दिवाळीनंतर उज्ज्वला माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे ठरलेलंच होतं. आठवा लागला होता. पद्मिनबाईंनी तिला खाटेवर निजवलं आणि पोटावर डावा हात ठेवला. बरगड्यांखाली त्यांना टणक, वाटोळं डोकं लागलं. खाली इवल्या टाचा होत्या.

"पायाळू हाय गं."

"मग बरंच की," उज्ज्वला हसत म्हणाली. "कुणाच्या पाठीत उसण भरली की लाथ मारायला बोलावतील त्याला. मानाचा माणूस होईल."

पद्मिनबाई पण हसल्या. पण त्यांचा हात पोटावरून निघेना. बाहेरून दाब देऊन, बाळाशी गोड बोलत बोलत त्याचं डोकं खाली फिरवायचं, हे त्यांच्या उजव्या हाताला येत होतं. त्यांना स्वतःला येत नव्हतं. हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं. डावा हात डोक्यापर्यंत जायचा आणि तिथे नुसता बसून राहायचा.

दुसऱ्या दिवशी दोन एस.टी. बदलून त्या लेकीला घेऊन मेहुणखेडला गेल्या. केंद्राच्या दारावर पाटी होती, 'येथे फक्त सोपी बाळंतपणे होतील.' खिडकीतल्या बाईने उज्ज्वलाचं कार्ड पाहिलं, 'पायाळू' हा शब्द वाचला आणि शिक्का उचलला.

"बाई, ऐका तर. तो माझाच हात हाय."

"असू द्या ना. नाही कोण म्हणतंय?" ती बाई म्हणाली आणि तिने शिक्का मारला. चिंचणगाव येथे संदर्भित.

पद्मिनबाई मागच्या बाजूला गेल्या. बाळंतखोलीच्या काचेतून हात दिसत होता. पांढऱ्या कापडावर, स्टीलच्या ट्रेमध्ये, दुपारची विश्रांती घेत होता. कुणीतरी त्याला हळदकुंकू लावलं होतं. नखं सुरेख कापलेली होती, कातडी मऊ झाली होती. चिंचणगावला असताना त्याच्यावर सदा चिरा पडलेल्या असायच्या. पद्मिनबाईंना एकदम लाज वाटली, आपणच त्याला नीट ठेवलं नाही म्हणून. मग त्यांनी डाव्या हाताने काचेवर वाजवलं. टक टक.

हात हलला. पालथा झाला. पहिलं बोट उचलून त्याने ट्रेवर एकदाच वाजवलं.

टक.

"थांब म्हणतोय," उज्ज्वला म्हणाली.

दोघी मागच्या पायरीवर थांबल्या. पाच वाजता दवाखाना बंद झाला, साडेपाचला खिडकीला आतून पडदा लागला, सहाला शेवटची एस.टी. होती. त्या एस.टी.त उज्ज्वला आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. पद्मिनबाईंचं उजवं मनगट सगळी वाट कोरडं होतं.

आता एकच दार उरलं होतं. पद्मिनबाई परिमंडळाच्या कार्यालयात गेल्या. तिथला व्हरांडा येणाऱ्याच्या वयाइतका लांब होतो. पद्मिनबाईंना बावन्न खोल्या ओलांडाव्या लागल्या, आणि दर खोलीपाशी एक वर्ष दमल्यासारखं झालं. त्रेपन्नाव्या खोलीत आस्थापना शाखेचे मोहरील बसले होते. ते कंबरेपासून वर होते. खालचा भाग निवडणुकीच्या कामाला गेला होता.

"हात परत हवा," पद्मिनबाई म्हणाल्या. "महिन्याभरापुरता. लेकीचं बाळंतपण हाय."

"अर्ज कोणाचा?"

"माझा."

मोहरीलनी रजिस्टर चाळलं. "सेवापुस्तक कर्मचाऱ्याबरोबर जातं. वाघमोडे यांचं सेवापुस्तक मेहुणखेडला आहे. म्हणजे वाघमोडे मेहुणखेडला आहेत."

"मग मी कोण?"

मोहरीलनी दुसरं रजिस्टर काढलं. बोट फिरवत फिरवत ते एका ओळीवर थांबले. "उर्वरित," ते म्हणाले. "उर्वरितला अर्ज करता येत नाही. कर्मचाऱ्याने करावा, उजव्या हाताच्या सहीने."

"साहेब, पोर पायाळू हाय. मला डाव्यानं जमायचं नाही. माझी लेक मरंल."

"कुठे? चिंचणगावला?"

"व्हय."

"मग नाही मरणार," मोहरील समजावणीच्या सुरात म्हणाले. त्यांना खरोखर बाईंना धीर द्यायचा होता. "चिंचणगावला कोणीच मेलेलं नाही. वीस वर्षांत एकसुद्धा नाही. बघा ना."

पद्मिनबाईंनी डावा हात टेबलावर इतक्या जोरात आपटला की शाईचं पॅड उडून खाली पडलं. "अकरा मेल्यात! माझ्या या हातावर मेल्यात! नावं सांगू का एकेकीची?"

त्यांनी खरंच सांगायला सुरुवात केली. सोजर. नंदा. तांड्यावरची झुंबर. चौथ्या नावाला दारात डॉ. धारूरकर उभे होते. साहेब अखंड होते. परिमंडळात अखंड असे ते एकटेच उरले होते, आणि दोन हात, दोन पाय, दोन कान एकाच माणसाला असलेले पाहून पद्मिनबाईंना क्षणभर कसंतरीच झालं.

"बसा, बाई," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "पाणी घ्या. आम्ही काही दगड नाही." त्यांनी मोहरीलकडे वळून तोंडी आदेश दिला. ज्या दिवशी कळा सुरू होतील त्या दिवशी उजवा हात अर्ध्या तासासाठी चिंचणगावला उपलब्ध करून द्यावा. "अर्जबिर्ज काही नको. माणुसकी म्हणून एक काम करायचं राहिलंय का नाही आपल्याकडे? फक्त सुपूर्द करताना नियमाप्रमाणे पोच घ्या."

पद्मिनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एका हाताने नमस्कार होत नाही, म्हणून त्यांनी तो छातीवर ठेवला आणि मान वाकवली. लोक म्हणतात त्या तिथून हात हलवत परत आल्या. हलवत आल्या हे खरं, एकच होता तो, पण आनंदाने हलवत आल्या. उज्ज्वला ओसरीवर वाट पाहत होती. तिला त्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं, "देणार हायेत! त्या दिवशी देणार हायेत!" त्या रात्री मायलेकींनी शेवयांची खीर केली. पोचेचं पद्मिनबाईंच्या डोक्यातही आलं नाही. तिची आठवण फक्त तुळशीरामला होती, आणि त्याचं कामच ते होतं.

कळा गुरुवारी सकाळी अकराला सुरू झाल्या. पद्मिनबाईंनी डॉ. बिडवेंच्या तोंडाला कळवलं, तोंड 'हो सर' म्हणालं आणि निरोप पुढे गेला. थोड्याच वेळात उजव्या मनगटाला बर्फासारखा गारठा लागला. हात डब्यात बसला, निघाला, हे पद्मिनबाईंना कळलं.

"येतोय गं," त्या म्हणाल्या. "जरा दम धर."

एकच्या सुमाराला पाणी गेलं आणि पाठोपाठ एक पाय आला. निळसर, ओला, मनीप्लँटच्या पानाएवढा. पद्मिनबाईंनी डावा तळहात लावून तो आत धरून ठेवला. पिशवीचं तोंड अजून पुरतं उघडलेलं नव्हतं. आत्ता जोर लागला तर अंग बाहेर येईल आणि मान अडकेल. अडकलेली मान सोडवायला उजवा हात लागतो. तोपर्यंत तळहात काढायचा नाही आणि उज्ज्वलाने जोर लावायचा नाही. गोष्ट एवढीच होती. कळ आली की टाच तळहातावर रेटायची, कळ ओसरली की सैल व्हायची.

"आई, लावू का?"

"नको. अजिबात नको. मी सांगंन तेव्हा."

"तू कुठे सांगतेस, तुझा हात सांगतो," उज्ज्वला दात आवळून म्हणाली, आणि एवढ्या कळांतही तिला जरा हसू आलं.

पावणेदोनला तुळशीराम आला. घामाने निथळत होता, रस्ताभर पळत आला असावा. त्याने निळा डबा उंबऱ्यावर ठेवला, त्याला टेकून स्वतः बसला आणि काखेतली पोचवही उघडून पेन पुढे केलं.

"पोच द्या, बाई. उजव्या हाताची."

"सील तोड! तुळशीराम, आधी सील तोड, पाय आलाय!"

कान कक्षाला गेल्यापासून तुळशीरामच्या डोक्याच्या दोन्ही बाजू गुळगुळीत होत्या. त्याने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि अदबीने मान हलवली. "घाई नाही बाई. अर्धा तास हाय. सही झाली की सील तोडतो."

"अरे उजवा हात डब्यात हाय! मी कशानं सही करू?"

"हितं," तुळशीरामने ओळ दाखवली. "घेणाऱ्याची सही. डाव्याची चालायची नाही, मागंच बोललो होतो."

पद्मिनबाईंनी त्याला शिव्या दिल्या. बावन्न वर्षांत तोंडातून न निघालेल्या शिव्या दिल्या. मग विनवण्या केल्या, त्याच्या लेकरांच्या आणा घातल्या. त्याच्या चेहऱ्यावर दया होती, अगदी खरी दया होती. बाईंना पेन दिसत नसेल असं वाटून त्याने ते आणखी पुढे केलं. तळहात काढून डब्यावर झडप घालायला पद्मिनबाईंना चार पावलं जावं लागलं असतं आणि चार पावलं परत यावं लागलं असतं. त्यांनी मनात ती आठ पावलं टाकून पाहिली. पाचव्याला टाच तळहातावर रेटली गेली आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.

तेवढ्यात डबा वाजला.

टक.

आतून, झाकणावर, बोटाने. उज्ज्वलाचे डोळे उघडले. तिने मान वळवून उंबऱ्याकडे पाहिलं. "आला," ती म्हणाली, आणि लहानपणापासून माहीत असल्यासारखा तिने लांब श्वास घेतला आणि सोडला. तिच्या कपाळावरची आठी गेली. पद्मिनबाईंनाही क्षणभर वाटलं की आता सगळं नीट होणार. हात आला होता. हात सांगत होता, थांब म्हणून. तो बरोबरच सांगत होता.

टक.

"थांबलेय," उज्ज्वला डब्याला म्हणाली.

पुढची कळ आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी होती. पद्मिनबाईंनी खांदा तळहातामागे लावला. मनगटातला गारठा आता कोपरापर्यंत चढला होता. डब्यात हाताला किती थंडी वाजत असेल, किती अंधार असेल, हे त्यांना नको असतानाही कळत होतं. बर्फात अडकलेला कोणीही झाकण वाजवेलच. दार उघडा म्हणून वाजवताना माणूस कसं वाजवतो, तेही त्यांना कळत होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"उज्ज्वला, त्याचं ऐकू नकोस, ते तुला नाही, ते…"

टक टक.

उज्ज्वलाने आईकडे पाहिलं नाही. तिने डोळे मिटले, दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरल्या आणि सगळ्या अंगाचा जोर लावला. तुळशीरामने थुंकी लावून वहीचं पान सरळ केलं आणि पेन पुढे धरलं.